कंट्रोल क्रमांक सात

११ जानेवारी

आज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईचं रक्त काढलं. दहा मिलिलिटर, उजव्या हातातून, पहिल्याच टोचणीत. "लहानपणी डॉक्टरची सुई दिसली की पलंगाखाली शिरायचीस, आता आईलाच टोचतेस," ती म्हणाली. ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे निम्मं पुटपुटली. ड्रायक्लीनरकडून येणारे कोट आणि पँटी ती घरी बसून लहानमोठ्या करून देते. तिचा दिवस ओठांत टाचण्या धरूनच जातो.

आमच्या प्रयोगशाळेत रक्तदाबाच्या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या लाल पेशी तपासतो. पेशी तीन तास लिथियमच्या द्रावणात ठेवायच्या, धुवायच्या आणि मग मिठाच्या पाण्यात सोडायच्या. पेशी एक लिथियम बाहेर टाकते आणि बदल्यात एक सोडियम आत घेते. तिच्या भिंतीत फिरतं दार आहे असं समजायचं. काही घराण्यांत हे दार जोरात फिरतं. आईबापांपैकी एकाचं फिरत असेल तर मुलांचंही बहुधा फिरतं, आणि अशा घरांत रक्तदाब जास्त सापडतो. का, ते अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. माझं काम वेग मोजण्याचं.

वेग जास्त म्हणायचा तर कुणापेक्षा? त्यासाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. बारा हवे होते, अकरा मिळाले. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरचं एखादं ठणठणीत माणूस आण की." आई क्रमांक सात झाली, कारण सातवा गृहस्थ सुईला घाबरून पळाला होता.

फॉर्मवर रक्तदाब लिहावा लागतो. मी दाब मोजायचा पट्टा काढला तसा आईने हात मागे घेतला. "रक्त ने हवं तेवढं. ते मला लावू नकोस."

मी कारण विचारलं नाही. मला माहीत आहे. बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. तेरा वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, वरच्या केबिनमध्येच कोसळले. खाली आणायला चाळीस मिनिटं लागली. आई डबा द्यायला गेली होती, ती खाली उभी. रुग्णवाहिकेतल्या माणसाने तिच्यासमोर त्यांना पट्टा लावला, फुगा दाबला, हवा सोडली आणि म्हणाला, "दोनशे साठ." मेंदूत रक्तस्राव. आई आजही सायकलच्या पंपाचा आवाज आला की खिडकी लावते.

रकाना रिकामा ठेवता येत नाही. आई सहाला उठते, एक दिवस अंथरुणाला खिळलेली मला आठवत नाही. बसमध्ये १२०/८० लिहिलं. या नोकरीच्या चार वर्षांत न मोजलेला आकडा लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

१४ जानेवारी

क-७ चा, म्हणजे आईचा, वेग ०.४९. दोनदा केला. दुसऱ्यांदाही ०.४९.

बाकीचे अकरा ०.१४ ते ०.३१ मध्ये आहेत. डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "दाब किती?"

"एकशेवीस, ऐंशी."

"मग झालं. निरोगी माणसातही वेग एवढा असू शकतो, हे आपल्याला कळलं. नॉर्मलची वरची हद्द तूर्त ०.४९ धरा."

त्या फॉर्मकडे पाहत होत्या. मी त्यांच्या बांगडीकडे पाहत होते.

१९ जानेवारी

आज माझं रक्त लावलं. स्वतःचंच काढलं, रबरी नळी दातांनी ओढून. कुणाला सांगितलं नाही. नळीवर नाव नाही, नुसता एक ठिपका.

तेरा वर्षं मी हे टाळलं, आणि नोकरी मात्र नेमकी इथेच धरली. दादा म्हणतो, चोर जसा पोलीस चौकीच्या समोर घर घेतो तशी तू आहेस.

संध्याकाळी पाचला आकडा आला. ०.४६.

मी नळ्या धुतल्या. ज्योतीचं यंत्र बंद केलं. त्यात लिथियम पेटलं की लाल उजेड पडतो, इतका सुंदर की नवे लोक थांबून बघतात. मी बसथांब्यापर्यंत चालत गेले आणि तिथे आठवलं: हद्द ०.४९ आहे. मी हद्दीत आहे. तीन शतांशांनी का होईना, आत. बाबांचं माझ्यात उतरलेलं नाही.

बस आली आणि मी चढायचीच विसरले. आनंदाने असावं.

२ फेब्रुवारी

दादा जेवायला आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बाप उंचावर गेला म्हणून मुलाने उंचावरच जायचं, हा त्याचा हट्ट. मला चिमटा म्हणतो, कारण त्याच्या मते मी माणसंही चिमट्याने उचलते.

"काय चिमटा, आमचं रक्त पण हवंय म्हणे?"

"दहा मिलिलिटर."

"आणि मोबदला?"

"बिस्किट."

"आईला काय दिलंस?"

"मला काही दिलं नाही," आई म्हणाली, "उलट रक्त काढून झाल्यावर कापूस मलाच टाकायला लावला." दादा हसताना ठसकला. आई पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवायला गेली तर तो टेबलाच्या कडेवर निम्मा टेकला आणि खाली गेला. डाव्या बाजूला. "या मेल्या चष्म्याचा नंबर बदललाय," ती म्हणाली. सहा महिन्यांपूर्वीच बदलला होता.

भाजीत मीठ जास्त होतं. दादा म्हणाला, "चिमट्यासमोर बोलू नका, ती पेशीत किती गेलं ते मोजेल."

दादाने पट्टाही लावून घेतला. १२२/७८. आई तेवढा वेळ गॅलरीत उभी राहिली.

५ फेब्रुवारी

दादा ०.२१.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी दुसरं काहीतरी झालं, ते लिहिते, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. मला वाटलं, हा सुटला आणि मी काठावर. एकाच बापाची दोन मुलं. असं असतं, कागदावर रोज बघते.

डॉक्टरबाईंना एका रुग्णाचं म्हणून विचारलं: पूर्वी कधी तपासलेलं नाही, मेंदूत रक्तस्राव झाला, दाब दोनशे साठ. म्हणजे त्याला रक्तदाबाचा विकार होता ना?

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "रक्तस्राव झाला की दाब आपोआपही चढतो. मेंदूतली एखादी शीर जन्मापासूनच कच्ची असू शकते. तो आकडा कारण होता की परिणाम, हे एका मोजणीवरून कसं कळणार? कोण आहे हा रुग्ण?"

"जुनी केस," मी म्हटलं.

१७ फेब्रुवारी

गणित्याशी भांडण झालं. गणित्या म्हणजे आमचे सगळे आकडे सांभाळणारा मुलगा, माझ्याच वयाचा. पेन्सिल कानामागे ठेवून दिवसभर पेन्सिल शोधतो.

"तुझा क-७ काढून टाकू या," तो म्हणाला. "अकराजणं एका गल्लीत राहतात आणि हा एकटा टेकडीवर. याच्यामुळे हद्द एवढी वर गेलीय की चार रुग्ण नॉर्मलमध्ये बसतायत."

"एक आकडा आवडला नाही म्हणून काढायचा? हे कुठलं शास्त्र?"

"मग त्या माणसाचा दाब परत मोजून आण."

"मोजलाय. फॉर्मवर आहे."

"अगं, एकदाच मोजलाय. परत मोजायला काय जातं?"

मी तीन कारणं दिली. नमुना लहान आहे. निवड आधी ठरली होती. निकाल पाहून कंट्रोल गाळणं म्हणजे फसवणूक. तिन्ही कारणं बरोबर होती. मी इतकी छान बोलले की डॉक्टरबाईंनी मान डोलावली. गणित्या म्हणाला, "बरं बाई, तुझा क-७ अमर राहो," आणि कानामागची पेन्सिल शोधत निघून गेला.

क-७ गेला तर हद्द ०.३१ वर येते. मी ०.४६.

हे मी तिथे बोलले नाही. इथे लिहिते.

१८ फेब्रुवारी

ड्रायक्लीनरने पँट परत पाठवली. डावा पाय उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब. आईने अशी चूक कधी केलेली नाही. "गिऱ्हाईकच वाकडं असेल," म्हणाली, पण उसवायला बसली तेव्हा हसत नव्हती.

२६ फेब्रुवारी

आई सकाळी कपाळाला ओढणी घट्ट बांधून बसते. उजेड नको म्हणते. दहापर्यंत उतरतं. झोप पुरत नसावी. शिवणाच्या खोलीतला दिवा बदलायला हवा.

माझ्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून तिचा बटणांचा डबा उघडला. तळाशी, कापडात गुंडाळलेली गोळ्यांची एक पट्टी होती. दहातल्या चार शिल्लक. रक्तदाबाचीच गोळी, नाव मला पाठ आहे.

बाबांच्या. म्हणजे बाबांना माहीत होतं. ते गोळ्या घेत होते, किंवा घ्यायचं सोडत होते, आणि तरी रोज शिडी चढत होते. आईने आठवण म्हणून जपून ठेवली असेल.

मी प्रत्येक बाटलीचं लेबल दोनदा वाचते. ही पट्टी न वाचता परत गुंडाळून ठेवली.

३ मार्च

प्रयोगशाळेत कुणी नसताना स्वतःचा दाब सात वेळा घेतला. १३२. १३८. १३६. १४४. १४८. १४४. १५०. खालचे आकडे लिहीत नाही. भीतीने दाब चढतो, हे मला माहीत आहे. मोजण्याच्या भीतीने चढलेला दाब मोजला की भीती वाढते. याला शेवट नाही. पट्टा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आईचा विचार येतो. मी बाबांसारखी गेले तर ती पुन्हा खाली उभी असेल.

९ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. क्रम चुकता कामा नये.

मला सुट्टी होती. साडेदहाला आई मशीनवर होती, मी शेजारी बटणं लावत होते. ती म्हणाली, "ते दे." मी विचारलं काय. "ते गं. ते... कापायचं." कात्री तिच्या डाव्या हाताशीच होती, वीतभर अंतरावर. तिला ती दिसत नव्हती आणि तिचं नावही सापडत नव्हतं. मग सापडलं. "कात्री. म्हातारी झाले बाई," म्हणाली आणि पायडल मारायला लागली.

मी कात्री दिली. बटणांचा डबा मांडीवर होता. काय शोधत होते कुणास ठाऊक, पण मी पट्टी बाहेर काढली आणि या वेळी वाचली. तुकडी क्रमांक. निर्मितीची तारीख.

बाबा गेल्यावर पावणेदोन वर्षांनंतरची तारीख.

परत वाचली. मग खिडकीशी नेऊन वाचली. शाईने छापलेली नव्हती, पत्र्यात दाबून उमटवलेली होती. चुकीला जागा नव्हती.

"आई, या कुणाच्या?"

तिने मशीन थांबवलं. "ठेव ती जागेवर."

"कुणाच्या आहेत?"

"माझ्या," ती म्हणाली. "तुझ्या वेळी पोटुशी होते तेव्हापासून दाब होता. मग बरा झाला म्हणाले. ते गेल्यावर परत निघाला. थोडे दिवस घेतल्या. पाय सुजायचे, पायडल मारता यायचं नाही. आणि तुम्ही दोघं तेव्हा शाळेत. बाप असा गेलेला. तुम्हाला सांगून काय करायचं होतं, तुमच्याही झोपा उडवायच्या?"

"अकरा वर्षं?"

"काय झालं अकरा वर्षांत? उभी आहे ना तुझ्यासमोर?"

ती बसलेली होती.

मला आकडे आपोआप दिसायला लागले, एकाखाली एक. ०.४९. ०.४६. मी बाबांची मुलगी म्हणून एवढी घाबरले की आणखी कुणाची आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आई ही बाबांच्या रक्ताची नाही, म्हणून ती निरोगी, म्हणून ती कंट्रोल. हद्द म्हणून मी जिच्यामागे लपले होते, ती आईच होती.

पट्टा आणला. ती नको म्हणाली. मी म्हटलं, "डोळे मीट आणि माझ्याशी बोलत राहा." "काय बोलू?" "काहीही. त्या वाकड्या गिऱ्हाइकाबद्दल बोल." तिने डोळे मिटले. हवा सुटायला लागली तशी तिने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की उद्याही खुणा राहतील.

२१८/१२४.

"किती?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला. मला खोटं बोलता आलं नाही. एकदा बोलून झालं होतं. दादाला फोन केला. तो चौदाव्या मजल्यावर कुठल्याशा लिफ्टच्या छतावर होता. "आलो," म्हणाला. चिमटा म्हणाला नाही.

१२ मार्च

रुग्णालय. चौथा दिवस. डॉक्टर म्हणाले, छोटे छोटे झटके आधीच येऊन गेलेत, दोन किंवा तीन. डाव्या बाजूचं दिसणं गेलंय, ते परत येईलच असं नाही. दाब हळूहळू उतरवतायत. घाईने उतरवला तरी धोका.

"थोडं आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आणलंत ना."

हे उत्तर नाही. पण आणखी विचारायची हिंमत झाली नाही.

ताट पुढे ठेवलं तर आई उजव्या अर्ध्यातलंच जेवते. दादा ताट फिरवून ठेवतो. मग ती म्हणते, "अरे, अजून होतं का?"

१६ मार्च

डॉक्टरबाईंसमोर उभी राहून सांगितलं. दाब मोजला नव्हता. बसमध्ये लिहिला. माणूस माझी आई. माझं स्वतःचं रक्त चोरून लावलं होतं. हद्द टिकावी म्हणून गणित्याशी भांडले. दादाला हे सगळं काल रात्रीच सांगितलं होतं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग: "त्या चार रुग्णांना आपण काय कळवलंय?"

"वेग हद्दीत आहे म्हणून."

"वेग म्हणजे रोग नव्हे, हे तुलाही कळतं. पण त्यातल्या एकीने गोळ्या सोडल्यात. आता हवं तर सोडा, असं आपण कळवलं नव्हतं. तिने तसं समजून घेतलं." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "तू कर."

मी चारही फोन केले. गोळ्या सोडलेली बाई आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, "बरं झालं बाई, सांगितलंत." तिचा आवाज आईच्या वयाचा होता.

तीन महिने मला रक्ताच्या टेबलापासून दूर ठेवलंय. नळ्या धुवायच्या, लेबलं लावायची. पुढचं नंतर ठरेल. दुपारी गणित्याने माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि स्वतःच विसरून दोन मिनिटांनी तोच उचलून प्यायला.

निघताना डॉक्टरबाईंनी क-७ चा फॉर्म पुढे केला. आमच्याकडे चुकलेला आकडा गिरवून मिटवत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा आकडा, सही आणि तारीख. मी १२०/८० वर रेघ मारली. सरळ आली. पट्टी न लावता.

२३ मार्च

आई घरी आहे. दाब १४६/८८. नव्या गोळीने पाय सुजत नाहीत, पण मशीनवर बसायला अजून परवानगी नाही. ती टाचण्यांच्या उशीला टाचण्या लावते आणि काढते.

आज पट्टा तिने स्वतःहून मागितला. मी तिचा दाब घेऊन पट्टा सोडवत होते, तर म्हणाली, "आता तुझा हात दे."

"माझा राहू दे. मी तिकडे घेते."

"तिकडे काय घेतेस ते कळलंय मला. दादाने सगळं सांगितलं, बसमधल्या एकशेवीस-ऐंशीचंही. दे इकडे."

मी दिला. तिने पट्टा माझ्या दंडाभोवती गुंडाळला, कमरपट्टा मापाला लावावा तसा, एक बोट आत सरकवून बघितलं. स्टेथोस्कोप मी तिच्या कानांना लावला आणि ठोके कुठे सुरू होतात, कुठे थांबतात ते बघायला सांगितलं. फुगा दाबताना तिने खिडकीकडे एकदा पाहिलं. उघडी होती. तशीच ठेवली. तबकडीचा डावा भाग तिला दिसत नाही, म्हणून मान वळवून, उजवीकडच्या नजरेने काटा शोधत राहिली. हवा सुटण्याचा आवाज आम्ही दोघींनी शेवटपर्यंत ऐकला.

"किती?" मी विचारलं.

"एकशेबेचाळीस. आणि खाली ब्याण्णव." तिने पट्टा सोडला. फुगा हातात होता. मग दाबाच्या नोंदींची वही माझ्यापुढे सरकवली.

"लिही," ती म्हणाली. "मोजलाय तेवढाच."